पाळीच्या तक्रारींवर वनौषधी: आधी वही, मग काढा

पाळीच्या दुखण्यावर काय घ्यावं असं विचारलं, की प्रत्येकीकडे उत्तर तयार असतं. कुणी शतावरी सांगते, कुणी अशोकाची साल, कुणी मेथी. ‘नेमकं होतंय काय?’ असं मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्यात आपली भाषाही मदतीला येत नाही. ‘अंगावरून जातं’ म्हणजे जास्त रक्तस्राव, पांढरा स्राव, की दोन पाळ्यांच्या मधे दिसणारे रक्ताचे डाग? ‘पाळी गेली’ म्हणजे या महिन्यात आली नाही, की कायमची थांबली? तक्रार अशी धूसर असेल तर वनस्पती कितीही गुणी असली तरी ती अंदाजानेच दिली जाते.

मी स्वतः या अंदाजात आठ महिने घालवले. जास्त जातंय म्हणून सालींचा काढा घेत राहिले. पहिल्या दोन पाळ्यांना बरं वाटलं, मग पुन्हा तेच. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ७.८ निघालं. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराला खेटून वाढलेली फायब्रॉइडची गाठ दिसली. त्या गाठीपुढे काढ्याचं काही चालणार नव्हतं, आणि मी मात्र मात्रा वाढवत बसले होते. तेव्हापासून वनस्पतीचं नाव काढण्याआधी मी वही काढायला सांगते.

पहिली पायरी: दोन पाळ्या नुसतं लिहा

दोन महिने कोणतंही नवं औषध सुरू न करता फक्त नोंद करायची. (खाली दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एखादी असेल तर दोन महिने थांबायचं नाही, थेट तपासणी.) ॲप चालेल, पण साध्या वहीत जास्त मावतं. रक्त दिसलं तो पहिला दिवस. त्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजलेले दिवस म्हणजे तुमचं चक्र. चोवीस ते अडतीस दिवसांच्या अंतराने येणारी आणि आठ दिवसांत संपणारी पाळी नेहमीच्या मर्यादेत धरतात. सगळ्याच जणींचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं नसतं.

माझ्या वहीतलं एक जुनं पान असं आहे:

*दिवस १: पहाटे ४ ला कळ, दहापैकी ८. कंबर, मांड्यांपर्यंत. एकदा उलटी. पॅड ५, दोन पूर्ण भिजलेले.*
*दिवस २: दुखणं ५. पॅड ७. सुपारीएवढ्या गाठी ३. रात्री उठून बदलावं लागलं.*
*दिवस ३: दुखणं १. पॅड ६. पाय गळून गेले.*

तीन ओळींतच दिसतं की दुखणं तिसऱ्या दिवशी ओसरलं, पण रक्तस्राव ओसरला नाही. दुखण्याकडे माझं लक्ष होतं, रक्तस्रावाकडे नव्हतं. तुमच्या पानात याच्या उलट दिसेल कदाचित. दुखण्याला दहापैकी गुण द्या, पॅड मोजा, गाठीचा आकार लिहा. मन चिडचिडं होणं, छाती जड होणं, झोप उडणं हे कोणत्या दिवशी सुरू होतं आणि रक्त दिसल्यावर थांबतं का, तेही टिपा. सध्या चालू असलेली सगळी औषधं मागच्या पानावर लिहून ठेवा. नंतर ती यादी उपयोगी पडते.

या दोन महिन्यांचं आणखी एक कारण आहे. वनौषधींच्या चाचण्यांमध्ये खोटं औषध, म्हणजे प्लासिबो घेणाऱ्या स्त्रियांनाही बराच फरक पडतो. पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा येतात, त्यांच्यावरच्या चाचण्यांत प्लासिबो गटातही वाफांचं प्रमाण निम्म्याहून अधिक कमी झालेलं दिसलं आहे. काही तक्रारी आपोआप वर-खाली होतात, काहींना लक्ष दिल्यानेच उतार पडतो. आधीचे आकडे हाताशी नसतील तर फरक काढ्याने पडला की काळाने, हे सांगता येत नाही.

दुसरी पायरी: इथे वनस्पती नको, आधी तपासणी

पाळी लांबली की पहिलं काम गर्भचाचणी. ‘पाळी आणणारा’ कोणताही काढा त्याआधी घेऊ नये. गर्भ नळीत अडकलेला असेल तर काढ्याच्या भरवशावर गेलेले दिवस जीवावर बेततात. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी ही तातडीची लक्षणं आहेत. पेनीरॉयल या पुदिन्याच्या जातभाईचं तेल पाळी आणायला म्हणून पूर्वी वापरलं जाई. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एक तरुणी ते पिऊन यकृत निकामी होऊन दगावली. चहात चालणारी पानं आणि त्याच पानांचं अर्कतेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

याशिवाय या खुणा दिसल्या तर थेट डॉक्टर: सलग दोन तासांहून जास्त वेळ तासाला एक पॅड भिजणं, सुपारीहून मोठ्या गाठी वारंवार पडणं, संबंधांनंतर किंवा दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, तीन महिन्यांहून अधिक पाळी न येणं, पोटदुखीबरोबर ताप. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी पडला तरी तपासायचंच. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते, आणि लवकर सापडला तर तो बरा होतो.

आणखी एक खूण सहज सुटून जाते: वर्षागणिक वाढत जाणारं दुखणं. पाळी संपल्यावरही राहणारं, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला होताना जाणवणारं दुखणं एंडोमेट्रिओसिसचं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं, असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे दहा टक्के स्त्रियांना तो असतो आणि निदानाला वर्षानुवर्षं लागतात. ‘सगळ्यांनाच दुखतं’ हे वाक्य त्या उशिराला बरंच कारणीभूत आहे.

तिसरी पायरी: तक्रारीनुसार वनस्पती

*पहिल्या दोन दिवसांचं दुखणं.* इथे वनौषधींची बाजू सगळ्यात भक्कम आहे, म्हणून जरा सविस्तर.

पाळी येताना गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांनी स्नायू आवळतात, रक्तपुरवठा आखडतो, कळा येतात. रक्तात ती मिसळली की मळमळ, जुलाब, डोकेदुखीही. पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत त्यांचा जोर असतो. आल्यातले तिखट घटक हीच रसायनं तयार होण्याची वाट अडवतात. वेदनाशामक गोळ्याही तीच वाट अडवतात. पाळीच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड दिलेल्या चाचण्यांमध्ये प्लासिबोपेक्षा दुखणं कमी झालं, आणि काही छोट्या चाचण्यांत तर नेहमीच्या वेदनाशामकाइतकंच.

घ्यायची पद्धत: एका दिवसाला एक ग्रॅम सुंठपूड, चार भागांत. चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण दोन ग्रॅम पूड मावते, म्हणजे दिवसाला अर्धा चमचा. ती सकाळीच कागदावर काढून चार वाटे करून ठेवा, दुखत असताना मोजमाप जमत नाही. गरम पाण्यात ढवळून, काही खाल्ल्यावर घ्या. पूड तळाशी बसते, शेवटचा घोट टाकायचा नाही. ओलं आलं वापरायचं तर त्यात चार-पंचमांश पाणीच असतं हे लक्षात ठेवा, म्हणजे एक ग्रॅम सुंठीच्या जागी पाचेक ग्रॅम आलं. सुंठ जास्त झणझणीत लागते, कारण वाळताना आल्यातल्या जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते अधिक तिखट असतं.

वेळ महत्त्वाची. कळ शिगेला पोचल्यावर घेतलेल्या सुंठीने फार काही होत नाही. पहिली चाहूल लागताच सुरू करा. चक्र नियमित असेल तर वहीवरून आदल्या दिवशीच. तीन-चार दिवसांनी बंद, महिनाभर चालू ठेवायची गरज नाही. पित्ताचा त्रास असेल तर मात्रा निम्मी करून पाहा. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नको.

सोबत ओटीपोटावर शेक. चाळीस अंशांच्या आसपासचा सुखद कोमटपणा पुरतो, त्वचा लाल होईपर्यंत भाजायचं नाही. शेक ही वनस्पती नाही हे मान्य, पण याच्याइतका स्वस्त आणि निर्धोक उपाय या लेखात दुसरा नाही.

बडीशेप हा दुसरा पर्याय. युरोपीय औषध संस्थेने पाळीच्या सौम्य कळांसाठी तिचा पारंपरिक वापर मान्य केला आहे: दीड ते अडीच ग्रॅम बडीशेप ऐन वेळी कुटून, पाव लिटर उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटं झाकून, दिवसातून तीनदा. झाकण सोडू नका, गुण उडून जाणाऱ्या तेलातच आहे. मेथीपूडही पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत देऊन पाहिली गेली आहे आणि दुखणं उतरल्याचं दिसलं आहे, मात्र पुरावा आल्यापेक्षा तोकडा. दालचिनीचं तसंच. शिवाय बाजारातली जाड सालीची कॅसिया दालचिनी रोज चमचाभर घेणं यकृताला जड जातं, कारण तिच्यात कुमारिन भरपूर असतं.

*जास्त रक्तस्राव.* परंपरेत इथे अशोक आणि लोध्र यांच्या साली येतात. दोन्हींत टॅनिन भरपूर, चव तुरट, तोंड आखडून घेणारी. शतकानुशतकांचा वापर आहे, पण आजच्या कसोटीवर उतरणाऱ्या मोठ्या चाचण्या नाहीत, आणि रक्तस्रावावर हमखास चालणारी आधुनिक औषधं उपलब्ध आहेत. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉईड, सोनोग्राफी. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. कारण कळल्यावर आणि वैद्यांच्या देखरेखीखाली साल घ्यायची असेल तर जरूर घ्या. लोहाची गोळी आणि तुरट काढा यांत मात्र किमान दोन तासांचं अंतर ठेवा. टॅनिन लोहाला बांधून ठेवतं आणि गोळी वाया जाते. मी आठ महिने दोन्ही एकत्रच गिळत होते.

अशोकारिष्ट किंवा कोणतंही अरिष्ट हे आंबवलेलं औषध आहे, त्यात आपोआप तयार झालेलं मद्यार्क असतं. गरोदरपण, यकृताचा आजार किंवा मद्याशी न पटणाऱ्या गोळ्या असतील तर ते टाळायचं.

*पाळीआधीची चिडचिड, छाती दुखणं.* युरोपात यासाठी व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस या झुडपाची फळं वापरतात. ती मेंदूतल्या डोपामिनच्या वाटेने प्रोलॅक्टिन हे हार्मोन खाली आणतात असं मानलं जातं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत १७० स्त्रियांनी तीन चक्रं याचा अर्क किंवा प्लासिबो घेतला. अर्काने ५२ टक्के जणींची लक्षणं निम्म्याहून कमी झाली, प्लासिबोने २४ टक्के जणींची. म्हणजे फरक खरा, पण प्लासिबोवरही जवळजवळ चारांत एकीला उतार. आपल्याकडची निर्गुंडी याच कुळातली, व्हायटेक्स निगुंडो. नावं जुळतात म्हणून एकीच्या जागी दुसरी घ्यायची नाही. या चाचण्या निर्गुंडीच्या नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या, वंध्यत्वावरचे उपचार किंवा डोपामिनवर चालणारी औषधं घेत असाल तर व्हायटेक्स नको.

*पीसीओएस (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार).* गावठी पुदिन्याचा म्हणजे स्पिअरमिंटचा चहा दिवसातून दोनदा तीस दिवस दिलेल्या ४२ स्त्रियांच्या एका चाचणीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन उतरलं. चेहऱ्यावरचे केस मोजले तेव्हा मात्र फरक दिसला नाही. केसांचं चक्र महिनाभराहून मोठं असतं, तेव्हा त्यात नवल नाही. चहा निरुपद्रवी आहे, आवडत असेल तर प्या. दारुहळदीतलं बर्बेरिन साखरेवर खरोखर परिणाम करतं, आणि म्हणूनच ते जपून घ्यायची गोष्ट आहे. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर साखर जास्त उतरू शकते, आणि गरोदरपणात ते अजिबात नको, बाळाची कावीळ त्याने बिघडू शकते. (दारुहळद आणि हळद यांचा नावापलीकडे संबंध नाही.) पीसीओएसमध्ये महिनोन्‌महिने पाळी न येणं मात्र चहाच्या भरवशावर सोडायचं नाही, कारण आतलं अस्तर जाड होत राहतं.

*पांढरा स्राव.* चक्राच्या मध्यावर येणारा पारदर्शक, ताणला जाणारा स्राव हा आजार नाही. खाज, दुर्गंधी, दह्यासारखा किंवा हिरवट स्राव असेल तर तपासून नेमका जंतू शोधायचा. योनीमार्गात लसूण, कडुनिंब, हळद, दही असलं काहीही ठेवायचं नाही, काढ्याने आतून धुवायचंही नाही. तिथलं आम्ल वातावरण लॅक्टोबॅसिलस जिवाणू राखतात, धुण्याने तेच आधी वाहून जातात. वाफ घेण्याचं खूळही असंच. त्याने भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

वारंवार लघवीला जळजळ होत असेल तर क्रॅनबेरीचा उपयोग पुन्हा होऊ नये म्हणून आहे, झालेला संसर्ग तिने बरा होत नाही.

*पाळी जाण्याचा काळ.* ब्लॅक कोहोश ही उत्तर अमेरिकेतली मुळी जगभर विकली जाते. कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात सोळा चाचण्या तपासल्या गेल्या आणि तिच्या बाजूने पुरेसा पुरावा सापडला नाही. यकृताला इजा झाल्याची उदाहरणं तुरळक आहेत, पण आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. सोया आणि रेड क्लोव्हरमधल्या आयसोफ्लेव्होन या इस्ट्रोजेनसारख्या घटकांनी वाफा थोड्याफार कमी होतात. डाँग क्वाई या चिनी मुळीची चाचणी झाली, प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. ‘वाइल्ड याम’च्या मलमातून नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन मिळतं ही जाहिरात तर निव्वळ थाप. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या कंदांपासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं खरं, पण प्रयोगशाळेत, एकामागून एक अभिक्रिया करून. त्या अभिक्रिया आपल्या शरीरात होत नाहीत.

शतावरीचं काय, हा प्रश्न येणारच. मुळांत शतावरिन नावाची सॅपोनिन असतात, परंपरेत तिचं स्थान मोठं आहे, आणि बहुतेकींना ती सोसते. मात्र एखाद्या तक्रारीवर तिने ठामपणे गुण दिला असं सांगण्याइतक्या चांगल्या चाचण्या नाहीत. स्तनांचा किंवा गर्भाशयाचा हार्मोनवर पोसणारा कॅन्सर होऊन गेला असेल तर शतावरी, सोया, रेड क्लोव्हर यांपैकी काहीही कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज नको.

*गरोदरपण आणि बाळंतपणानंतर.* सकाळच्या मळमळीसाठी दिवसाला एक ग्रॅमपर्यंत सुंठ, तीही थोड्या थोड्या भागांत. बाकी सगळ्या वनौषधी कपाटात. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक जहाल रेचक आहे. ब्लू कोहोश कळा आणायला घेतल्यावर नवजात बाळांच्या हृदयाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ब्लॅक आणि ब्लू कोहोश या दोन असंबंधित वनस्पती आहेत, नावावर जाऊ नका.

दूध वाढायला मेथी देतात, त्याबद्दलचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. दूध वाढतं ते मुख्यतः स्तन वारंवार आणि पूर्ण रिकामे झाल्याने. मेथी घेतली तर आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो, तो सोटोलोन नावाच्या रसायनाचा, घाबरायचं कारण नाही. शेंगदाण्याची किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचीही होऊ शकते.

गर्भ राहण्यासाठी म्हणून मी कोणतीच वनस्पती सुचवत नाही. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून दोघांची तपासणी करा. दोघांची.

चौथी पायरी: वनस्पती खरी आहे का?

रस्त्याकडेला उंच, सरळसोट वाढणारं, लांब आणि कडेला लाटा असलेल्या पानांचं झाड सगळे ‘अशोक’ म्हणून ओळखतात. ते औषधी अशोक नव्हे. औषधी अशोक म्हणजे सराका असोका: पसरट, संयुक्त पानांचा, कोवळी पालवी लोंबणारी, आणि फांद्यांना बिलगून नारिंगी-तांबड्या फुलांचे घोस. त्याची सालच औषधात येते, म्हणून झाडं तोडली गेली, आणि आज निसर्गात तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. मग सालीत दुसऱ्याच झाडाची भेसळ होते, बहुधा त्या सरळसोट झाडाची. पूड झाल्यावर डोळ्यांनी फरक ओळखता येत नाही. त्यामुळे साली सुट्या पुडीत घ्यायच्या नाहीत. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख हवी.

भेसळीचं दुसरं टोक म्हणजे ‘फक्त जडीबुटी’ असं सांगून धातू घातलेली औषधं. २००८ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे एकपंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. गर्भधारणेचा विचार असेल तर भस्म किंवा रसकल्प (धातू, पारा घालून केलेली औषधं) स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका.

आणि परंपरा जुनी म्हणजे निर्धोक, असं वाटत असेल तर ॲरिस्टोलोचियाची गोष्ट ऐका. ग्रीक नावाचा अर्थच ‘सुखरूप प्रसूतीसाठी उत्तम’ असा. शतकानुशतकं बाळंतपणात दिली जाणारी वनस्पती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत चुकून तिचाच एक भाऊबंद शिरला आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. हा परिणाम वर्षांनंतर दिसतो, म्हणूनच तो जुन्या अनुभवाला कधी जाणवला नसावा.

पाचवी पायरी: काढा, फांट की हिम

साल, मूळ, लाकूड अशा कठीण भागांचा काढा. शारंगधर संहितेतलं प्रमाण आजही सोपं आहे: एक भाग भरड, सोळा भाग पाणी, मंद आचेवर एक अष्टमांश उरेपर्यंत. म्हणजे दहा ग्रॅम भरड, १६० मिलिलिटर पाणी, शेवटी वीस मिलिलिटर. पातेल्यात लाकडी चमचा उभा धरून सुरुवातीच्या पाण्याची आणि एक अष्टमांशाची खूण आधीच करून ठेवा. भरड म्हणजे रव्याहून जाड. बारीक पूड उकळली तर चिखल होतो आणि गाळला जात नाही. ॲल्युमिनियम नको, स्टील किंवा मातीचं भांडं. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर पाणी आटत नाही. त्याच दिवशी संपवायचा.

पानं, फुलं, बडीशेपेसारखी वासाची बियाणं उकळायची नाहीत. त्यांचा फांट: गरम पाणी ओतून झाकून ठेवणं, चार भाग पाण्यात एक भाग. थंड पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळलं की हिम, सहा भाग पाण्यात एक. बडीशेपेचं वर दिलेलं प्रमाण याहून बरंच पातळ आहे, आणि घरी तेच वापरा.

सहावी पायरी: एका वेळी एक, तीन पाळ्या

पाच वनस्पतींचं मिश्रण घेतलं आणि अंगावर पुरळ उठलं, तर दोष कुणाला देणार? एकच निवडा, तीन चक्रं वापरा, वहीत तेच आकडे लिहीत राहा. दहापैकी आठ असलेलं दुखणं पाच झालं तर चाललंय. साडेसात झालं तर चाललेलं नाही, मग भले ती वनस्पती कितीही आवडती असो. मात्रा दुप्पट करून पाहण्याचा मोह आवरा. गुण आला तर चौथ्या चक्रात मुद्दाम थांबवून पाहा: दुखणं परत आलं तर गुण औषधाचाच.

चालू औषधांशी जुळतं का, हे सुरू करण्याआधी बघायचं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातली विकरं वाढवते आणि गर्भनिरोधक गोळी वेळेआधी मोडली जाते. मधेच डाग दिसणं ही त्याची पहिली खूण, दुसरी थेट गर्भधारणा. वॉरफरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर डाँग क्वाई, औषधी मात्रेतली मेथी किंवा आलं यांनी रक्त अधिक पातळ होऊ शकतं. कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळं बंद, आणि भूलतज्ज्ञांना सांगायचं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या, पाकीटही न्या. ‘काहीतरी आयुर्वेदिक घेते’ एवढ्यावरून त्यांना काहीच कळत नाही. पाकीट फेकून दिलं असेल तर उरलेली पूड पुडीत बांधून वर नाव, कधीपासून आणि दिवसाला किती चमचे एवढं लिहा. पाकिटावरचं लेबल मोबाइलवर टिपून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली तर ही पुडी बांधायची वेळच येत नाही.